न छापलेल्या शाईचा प्रबंध

समस्येचे स्वरूप

२०१८ सालच्या जून महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी पावणेसात वाजता, आंघोळ करून आणि कपाळाला गंध लावून किशोर ताथोडनं प्रिंटरचं बटण दाबलं. प्रिंटरनं नकार दिला.

नकार सभ्य होता. संगणकाच्या पडद्यावर एक पिवळा त्रिकोण उगवला. त्याखाली इंग्रजीत लिहिलेलं होतं की यंत्रातली वाया गेलेली शाई टिपणाऱ्या पॅडचं आयुष्य संपलं आहे, कृपया सेवा केंद्राशी संपर्क साधा. प्रिंटरवरचे दोन लाल दिवे आळीपाळीनं लुकलुकू लागले. वर्गात उत्तर न येणारी दोन पोरं एकमेकांकडे बघतात तसे.

किशोरचं वय त्रेचाळीस. अकोल्यातल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास तेवढाच प्राध्यापक, बाकी वेळ नुसता किशोर. गाव हिवरखेड, घरची शेती, आणि गेली नऊ वर्षं पीएच.डी. विषय : वऱ्हाडातील कापूस आणि लोकजीवन. त्याच्या मार्गदर्शक शकुनमॅडम अमरावतीच्या विद्यापीठात होत्या आणि उद्या, तीस जूनला, निवृत्त होत होत्या. मॅडम गेल्या की नोंदणी गेली. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी नव्हती. मॅडमनी बजावलं होतं, ‘शुक्रवारी चार वाजेपर्यंत बांधलेल्या प्रती माझ्या टेबलावर. चार वाजून पाच मिनिटांनी मला हारतुरे घालायला लोक येणार आहेत. हार गळ्यात घालून मी सही करणार नाही.’

पाच प्रती हव्या होत्या. चार विद्यापीठाला, एक स्वतःला. पाचही प्रतींची दोनशे अठ्ठावीस पानं छापून तयार होती, टेबलाखाली गठ्ठ्यांनी रचलेली. फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. निष्कर्ष. बारा पानं.

ते काल रात्रीपर्यंत तो बदलत होता. आजपर्यंत एकोणीस वेळा.


गृहीतके

१. शाई कागदावर जाते.

२. संशोधकाला निदान आपल्या विषयाची माहिती असते.

(दोन्ही गृहीतके दुपारच्या आत खोटी ठरली. प्रकरण पुढे वाचावे.)


एक खुलासा

प्रबंधात ‘मी’ लिहायचं नसतं, ‘प्रस्तुत संशोधक’ लिहायचं असतं. नऊ वर्षं तसं लिहून किशोर मनातल्या मनातही तसाच बोलू लागला होता. भाजी खारट झाली की ‘प्रस्तुत संशोधकाच्या असे निदर्शनास आले’ एवढं त्याच्या मनात उमटायचं. तोंडातून काही निघायचं नाही, कारण समोर बायको, जमुना असायची.

आणि कोणी म्हणेल, अकोल्यात छपाईची दुकानं काय कमी आहेत? नाहीत कमी. पण ती साडेदहाशिवाय उघडत नाहीत आणि अमरावतीची एसटी अकराची. शिवाय प्रबंध एका जुन्या फॉन्टमध्ये होता, दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं विस्कटायची. ही सांगायची कारणं. खरं कारण असं की दुकानात छापलं म्हणजे संपलं. घरी प्रिंटर असला की माणूस उद्यापर्यंत हुशार होऊ शकतो. प्रिंटर घेतल्यापासून चार वर्षं किशोर रोज उद्यापर्यंत हुशार होत होता.


तज्ज्ञाची मुलाखत (दूरध्वनीवरून)

दानिश प्रिंटर दुरुस्त करायचा. टॉवर चौकाजवळ त्याचं दुकान. त्यानं फोन उचलला तेव्हा मागं भांड्यांचा दणदणाट चालला होता.

“सर, मी परतवाड्याले हाओ. साळ्याची शादी हाये. जेवनाच्या देगा मांडनं सुरू हाये इथं. बोला लवकर.”

“दानिशभाई, पॅड भरलं म्हणतो प्रिंटर.”

“भरनारच. तुमी हेड क्लिनिंग किती डाव मारता?”

“गरज पडली की.”

“गरज किती डाव पडते?”

किशोरनं दाराकडे पाहिलं. जमुना स्वयंपाकघरात होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, “रोज.”

“रोज? काई छापलं नाई तरी?”

“यंत्राचं तोंड स्वच्छ राहतं ना त्यानं.”

“सर, तुमी काय दात घासून राहिले का त्याचे?”

हे अगदी खरं होतं. सकाळी आंघोळ झाली की लोक उदबत्ती लावतात, किशोर हेड क्लिनिंग लावायचा. प्रिंटर घुमायचा, खाकरायचा, मग चाचणीचं एक पान बाहेर टाकायचा. त्यावर बारीक रेघांच्या चार पायऱ्या असायच्या. एकही रेघ तुटलेली नसली की किशोरला आजचं काम मार्गी लागल्यासारखं वाटायचं आणि तो पेपर वाचायला बसायचा. त्या पायऱ्यांच्या पानांचा गठ्ठा त्यानं ठेवला होता. तो प्रबंधाहून जाड होता.

“मंग ती क्लिनिंगची शाई जाते कुठी, सांगा बरं,” दानिश म्हणाला.

किशोरनं नऊ वर्षांत एकशेबारा लोकांना प्रश्न विचारले होते. हा प्रश्न त्यानं कधी कोणाला विचारला नव्हता, स्वतःलाही नाही.

“खाली जाते. पोटात. तिथं नमद्यासारखं पॅड असते, ते पिते. आता मशीनले काई डोळे नाईत. पॅड ओलं हाये का कोरडं, ते त्याले दिसत नाई. ते निसतं मोजते. कितीक डाव क्लिनिंग झाली, मोजते. गिनती भरली का बंद.”

“म्हणजे पॅड अजून कोरडंही असू शकतं?”

“कोनाचं? तुमचं? तुमचं तं वाहून राहिलं असन, सर.”

मग त्यानं उपाय सांगितला. तो फोनवर आकड्यांची एक चावी पाठवेल, ती संगणकात टाकली की मोजणी थोडी मागं सरकेल. थोडीच. फुकटची चावी एकाच डावाची, तेवढ्यात काम उरकायचं. पण आधी पॅड काढून धुवून वाळवायचं.

“वाळायले एक दिवस लागते. येळ नसन तं दुसरं काई टिपनारं भरा त्या डबीत. अन् एक ध्यानात ठेवा. क्लिनिंग मारू नोका.”

“अजिबात?”

“हात मांडीखाली दाबून बसा, सर.”


साधने व सामग्री

प्रिंटरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात एक स्क्रू होता. तो काढला की एक डबी बाहेर सरकत होती. चार वर्षं किशोर त्या कोपऱ्यावरची धूळ नेमानं पुसत आला होता.

डबीतलं पॅड त्यानं दोन बोटांनी उचललं आणि मनगटापर्यंत निळा-काळा झाला. पॅडमधून शाई दोरीसारखी खाली आली. चार वर्षांत त्यानं काळ्या शाईच्या पाच बाटल्या आणल्या होत्या. सगळ्या खाडाखोडींसकट प्रबंधाला लागल्या असतील दोन. राहिलेल्या तीन या इथं होत्या. म्हणजे त्याच्या छापील विद्वत्तेपेक्षा न छापलेली जास्त होती, आणि ती त्यानं आता मोरीत पिळली.

“अवं माय!” जमुना दारात उभी. “मोरीचं काय करून ठेवलं जी?”

“शाई आहे. धुतली की जाईल.”

“तुमच्या हाताची तं जाऊन नाई राहिली.”

जमुना अंगणवाडीत सेविका होती आणि तिला दहाला निघायचं होतं. तिनं ओलं पॅड पाहिलं, घड्याळ पाहिलं, नवरा पाहिला, आणि या तिघांतला जो प्रश्न सुटण्यासारखा होता तो उचलला.

“मामाजींचं जुनं धोतर हाये पेटीत. फाडून देतो. चांगलं मऊ झालेलं हाये धुऊधुऊ.”

“बाबांचं धोतर प्रिंटरमध्ये?” किशोरला ते बरं वाटेना. शिवाय त्याला एक कल्पना सुचली होती, आणि कल्पना सुचल्यावर धोतराकडे वळणं हे संशोधकाला कमीपणाचं होतं.

मागच्या खोलीत कापसाच्या दोन बोऱ्या होत्या. बोंडअळीच्या साली हिवरखेडच्या वावरात जो शेवटचा वेचा निघाला, त्यातला हा पिवळट कवडीचा माल. बाजारात कोणी हात लावत नव्हतं. किशोरच्या वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी बोऱ्या पाठवून दिल्या होत्या, ‘गाद्या भरून घे’ म्हणून. मागच्या गल्लीत जैनबबी गाद्या भरायची. तिच्याकडे बोऱ्या पोचवायच्या एवढंच काम होतं. पण दोन महिने किशोर कापसावर लिहीत होता, कापसाकडे बघायला त्याला सवड नव्हती.

“जमुने,” तो म्हणाला आणि बोरीची सुतळी सोडली, “कापसाच्या मुलखात राहून शाई टिपायला धोतर फाडायचं?”

त्याच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य होतं, ‘कापूस हा वऱ्हाडी माणसाच्या रक्तात आहे.’ ते त्याला या वेळी आठवलं. त्यानं मूठ मूठ कापूस काढला, वरवर सरकी वेचली आणि डबीत ठासून भरला. डबी आत सरकवली, स्क्रू बसवला. दानिशची चावी आली होती, ती टाकली. लाल दिवे विझले. हिरवा लागला.

“पाहिलं?” किशोर म्हणाला.

जमुना पोळ्या लाटायला गेली होती.


प्रयोग

पान २२९ सुरेख आलं. पान २३०ही.

पान २३१ वर, चौथ्या ओळीत, केसाएवढी एक पांढरी रेघ होती.

किशोरनं पान उजेडात धरलं. वाचता येत होतं. एखाद्यानं अक्षरांच्या कमरेतून दोरा ओढावा एवढंच. त्यानं हात मांडीखाली दाबला. पान २३२ वर दोन रेघा. त्यानं दुसरा हातही दाबला. असं तो दीड मिनिट बसला, आणि आयुष्यभर आपण कधीच कुठल्या व्यसनाच्या आहारी गेलो नाही हा त्याचा जो एक समज होता, तो या दीड मिनिटात संपला.

एकदाच, असं ठरवून त्यानं हेड क्लिनिंग मारली. रेघ राहिली. दुसऱ्यांदा मारली. मग संगणकात खाली एक पर्याय असतो, नेहमीच्या सफाईनं भागलं नाही तर जास्त शाई सोडून करायची जबर सफाई. त्यासमोर ‘अगदी गरज असेल तरच’ अशी ताकीद असते. किशोरच्या मते अगदी गरज होती.

प्रिंटर आधी घुमला, मग त्यातून घोट घोट गिळल्यासारखा आवाज आला. बराच वेळ. किशोर समाधानानं ऐकत होता. यंत्र पाणी पिऊन घेतंय, असं त्याला वाटत होतं.

पायाला काहीतरी गार लागलं.

त्यानं खाली पाहिलं. टेबलाच्या फटीतून काळी धार अंगठ्यावर पडत होती. अंगठ्याच्या शेजारी प्रबंधाचे पाच गठ्ठे होते. सगळ्यात जवळच्या गठ्ठ्यावर पाचवं प्रकरण वर होतं, आणि ते आता कोपऱ्याकडून मध्यभागाकडे शांतपणे काळं होत चाललं होतं.

किशोर ओरडला. काय ओरडला ते प्रबंधात लिहिता येणार नाही.


क्षेत्रीय भेट

जमुना लाटणं घेऊनच आली. तिच्या मागोमाग जैनबबी. ती गोंधळ बघायला आलेली नव्हती. शुक्रवारी बोऱ्या नेते असा निरोप तिनंच दिला होता, आणि ती शुक्रवारी आली होती. साठीची बाई, खांद्यावर ओढणी, ओढणीवर पिंजलेल्या रुईचा भुरका कायमचा. नवरा कुर्बान गेल्यापासून पिंजायचं यंत्र तीच चालवायची.

“काय सर,” ती म्हणाली, “होळी आता खेलून राहिले का?”

“चाची, प्रिंटर फुटला,” जमुना म्हणाली.

“नाही फुटला,” किशोर म्हणाला. त्यानं तोवर चार कोरडे गठ्ठे पलंगावर टाकले होते आणि डबी उपसून काढली होती. “कापूस भरला होता मी. टिपायला पाहिजे होता.”

जैनबबीनं डबीत बोट घातलं. कापसाचा गोळा वर काढला. बाहेरून काळा, आणि दोन बोटांनी मधोमध फाडला तर आत पिवळट, कोरडा ठणठणीत. डबीच्या तळाशी शाईचं तळं.

ती आधी हसली नाही. तिनं किशोरच्या तोंडाकडे पाहिलं, त्याला खरंच माहीत नाही याची खात्री करून घेतली, आणि मग बसकण मारून हसली.

“जमुना, एक गिलास पानी दे वं.”

पाण्याच्या पेल्यात तिनं बोरीतला कापसाचा एक पुंजका टाकला. तो वर तरंगत राहिला, बदकासारखा. तिनं बोटानं दाबला, तो परत वर.

“कच्चा कापूस पानी पीत नाई, सर. याच्या अंगाले मेन असते. दवाखान्यातली रुई पिते, ते सोडा टाकून उकळेल असते म्हनून. नाईतं बरसातीत पऱ्हाटीवर बोंडं फुटून उभी राहतात, ते एका सरीत चिखल झाले असते का नाई?”

किशोर पेल्याकडे बघत होता. पऱ्हाटीवर पावसात उभी बोंडं त्यानं लहानपणापासून बघितली होती. चौथ्या प्रकरणात त्यांचं दीड पान वर्णनही होतं.

“कापूस आमच्या रक्तात आहे, चाची,” तो ओशाळून म्हणाला.

“रक्तात असन. हातात नाई आला.” ती जमुनाकडे वळली. “जुनं धोतर हाये का घरात? धूधू के मऊ झालेलं?”

जमुनानं लाटणं टेबलावर ठेवलं, आत गेली आणि धोतर घेऊन आली. ते फाडताना तिनं किशोरकडे एकदाच पाहिलं. फाडण्याचा आवाज मात्र गरजेपेक्षा मोठा होता.


पान २११

जमुना आणि जैनबबी धोतराच्या घड्या करून डबीत बसवत होत्या, तेव्हा किशोर भिजलेली पानं सोडवत बसला. कुठली पुन्हा छापायची ते बघायला हवं होतं. वरची काही पूर्ण गेली होती. पान २११ अर्धं शिल्लक होतं. त्यावर त्याची नजर गेली आणि तिथंच थांबली.

त्यानं ते एकदा वाचलं. मग पान हळूच उलटं करून ठेवलं.

“काय हाये?” जमुनाचं लक्ष होतं.

“काही नाही.”

“काई नाई तं लपवता कावून जी? वाचा.”

अशा वेळी खोटं बोलण्याची किशोरची ताकद नेहमीच कमी पडायची. त्यानं वाचलं : “‘कच्च्या कार्पासतंतूवर निसर्गतः मेणसदृश आवरण असल्याने तो जलशोषण करीत नाही, हे पारंपरिक ज्ञान उत्तरदाती क्रमांक ४७ हिने प्रस्तुत संशोधकास विशद केले.’”

पेल्यातला पुंजका अजून तरंगतच होता.

“हे तं मीच सांगतलं होतं,” जैनबबी म्हणाली. “तीन-चार सालं झाले असन. तुमी वही घेऊन आले होते. मी चहा केला होता.”

“हो, चाची.”

“असाच गिलास घेऊन दाखवलं होतं.”

“हो.”

“मंग तुमी लिहून घेतलं, सर. आयकलं नाई.”

ती रागानं बोलली नव्हती. गादीत कापूस कमी पडला तर गिऱ्हाइकाला सांगावं, तसं सांगितलं. किशोरला मात्र ते पान आपल्या पाचही प्रतींतून काढून टाकावंसं वाटलं. मग कळलं की काढायला गेलं तर बरीच पानं काढावी लागतील. शेवटी नुसता पुठ्ठा राहील.

“अन् मी कोन म्हनता त्यात? सत्तेचाळीस?”

“नावं गुप्त ठेवतात, चाची. नियम आहे.”

“कावून? मी का चोरी केली?”

याचं उत्तर संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सहा पानं भरून होतं. त्यातलं एकही वाक्य तिच्यासमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

“नाव टाकू का तुमचं?”

“टाका. पुरं टाका. जैनबबी कुर्बान पिंजारी. कुर्बान बी टाका. मले त्यानं शिकवलं.”


मर्यादा

साडेनऊ झाले होते. आता छपाईचा कारभार जमुनानं हातात घेतला. अंगणवाडीत तिनं उशीर होईल म्हणून कळवलं, किशोरला पलंगावर बसवलं आणि माउस आपल्याकडे ठेवला.

“सांगा, कुठं दाबू.”

पहिल्यांदा पाचव्या प्रकरणाची खराब झालेली पानं. त्याआधी पान २११ मध्ये एक बदल, तोही तिनंच टाइप केला, किशोरनं अक्षर अक्षर सांगितलं. नवीन २११ पाचही प्रतींसाठी. मग निष्कर्ष. प्रत्येक पानावर चौथ्या, नवव्या, चौदाव्या आणि अगदी शेवटच्या ओळीत पांढरी रेघ येत होती.

“जमुना, एकदाच क्लिनिंग...”

“चुप बसा.”

“मग पान दोनशे चौतीसवरचं दुसरं वाक्य तेवढं, ‘तथापि’च्या जागी ‘परंतु’...”

“चाची, याइले पकडा.”

जैनबबीनं खरंच त्याचं मनगट धरलं. तिचा पंजा पिंजणाच्या कामातला, सुटण्यासारखा नव्हता. अशा रीतीनं, पकडून ठेवलेल्या अवस्थेत, प्रस्तुत संशोधकाचा निष्कर्ष छापून पूर्ण होत गेला. खाली डबीत बाबांचं धोतर बसलं होतं, आणि टेबलावर एक थेंबही येत नव्हता.

पहिली प्रत. दुसरी. तिसरी. चौथी. पाचव्या प्रतीचं अकरावं पान बाहेर आलं आणि लाल दिवे लागले. पिवळा त्रिकोण परत उगवला. फुकटच्या चावीची मोजणी भरली होती. ती भरायला जबर सफाईनं मोठा हातभार लावला होता, हे किशोरला कोणी सांगावं लागलं नाही.

“एक पान राहिलं,” तो म्हणाला.

“कोनती प्रत?” जमुना.

“माझी. स्वतःची.”

“मंग राहू द्या,” असं म्हणून तिनं गठ्ठे पिशवीत भरले आणि त्याला दाराबाहेर काढलं. एसटी सुटायला वीस मिनिटं होती.


निष्कर्ष

विद्यापीठाजवळच्या बांधणीवाल्यानं चार प्रती बांधल्या. पाचवीला नुसता दोरा घातला, कारण तो म्हणाला, अपुरं पुस्तक आपण बांधत नाही. चाराला दहा मिनिटं कमी असताना किशोर शकुनमॅडमच्या खोलीत पोचला.

खोली रिकामी होत आली होती. कपाटं उघडी, भिंतीवर उतरवलेल्या फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, आधी प्रतींकडे, मग त्याच्या हातांकडे.

“ताथोड, हे काय? मतदान करून आलात की खून?”

“प्रिंटर, मॅडम.”

“निष्कर्ष परत बदलला का?”

“नाही. वेळ मिळाला नाही.”

“देवाची कृपा.” त्यांनी पानं चाळली. निष्कर्षातल्या पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवलं. किशोर सफाई द्यायला तोंड उघडणार, तर त्या म्हणाल्या, “वाचता येतंय. पुरे.” मग मागं गेल्या, कुठंतरी थांबल्या. “ही जैनबबी कोण? आधीच्या मसुद्यात नव्हती.”

“होती, मॅडम. सत्तेचाळीस नंबर.”

मॅडमनी ते पान पूर्ण वाचलं. किशोर उभा. बाहेर व्हरांड्यात हारवाल्यांची कुजबुज सुरू झाली होती.

“एकशेबारा माणसं भेटलात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “दोनशे दहा पानं मला एकही भेटलं नाही. दोनशे अकराव्यावर ही बाई भेटली.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “बाकीच्यांची नावं विचारणार नाही, चार वाजत आलेत.”

चारही प्रतींवर त्यांनी सही केली. मग त्यांनी उमेदवाराच्या प्रतिज्ञेचं पान त्याच्यापुढे सरकवलं, ‘प्रस्तुत संशोधन माझे स्वतःचे असून’ वगैरे. किशोरनं सही केली. पान धरताना डाव्या हाताचा अंगठा कोपऱ्यात उमटला. दुसऱ्या प्रतीत काळजी घेतली, तरी उमटला. घामानं शाई परत जिवंत झाली होती. चारही प्रतींत सहीशेजारी एक ठसठशीत निळा अंगठा. नऊ वर्षं उच्च शिक्षण घेऊन प्रस्तुत संशोधकानं शेवटी अंगठाच लावला.

“आता पुसू नका,” मॅडम म्हणाल्या. “पसरेल.”

आणि त्यांनी बाहेरच्यांना आत बोलावलं.


परिशिष्ट

सरकी काढून, रुई पिंजून, गाद्या भरायला जैनबबीला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळी हातगाडीवर दोन गाद्या आल्या. त्या आत घेऊन भिंतीलगत अंथरल्या. प्रिंटर कोपऱ्यात होता, धोतराच्या उरलेल्या तुकड्याखाली झाकलेला. किशोरची आंघोळ झाली होती, आणि आंघोळीनंतरचं काय करायचं ते त्याला आठ दिवस झाले तरी सापडत नव्हतं.

जैनबबीनं गादीवर थाप मारली. “बसा. पाहा.”

तो बसला. गादी चांगली झाली होती.

“मंग सर, शेवटी काय निघालं तुमच्या पुस्तकात?”

त्यानं आपली दोऱ्याची प्रत काढली. शेवटचं पान उघडलं, म्हणजे निष्कर्षाचं अकरावं. सगळ्यात खालची ओळ, तिच्या कमरेतून पांढरी रेघ गेलेली. त्यानं वाचलं, “‘प्रस्तुत अभ्यासावरून एकंदरीत असे म्हणता येईल की’”

जैनबबी थांबली होती. “की?”

“पुढचं पान छापलं नाही, चाची.”

“मंग तोंडानं सांगा.”

किशोरनं आठवून पाहिलं. ते वाक्य त्यानं एकोणीस वेळा लिहिलं होतं. ‘तथापि’ आठवलं. ‘बहुआयामी’ आठवलं. त्यापुढे काही नाही.

“तुमीच सांगा चाची, काय निघालं,” आतून जमुनाचा आवाज आला. “ते लिहून घेतीन.”

“माह्यापाशी काय सांगनं हाये,” जैनबबी म्हणाली, पण सरकून ती दुसऱ्या गादीवर बसली. ओढणी सारखी केली. “कुर्बान सांगे, का कापूस हातात घेतला का आधी...”

किशोरचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. तो त्यानं अर्ध्या वाटेतून परत आणला, मांडीखाली दाबला, आणि बसला.